राजवाड्याचा कार्पेट एरिया

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही वास्तू दाखवा, त्याचं पहिलं लक्ष जातं ते जागेकडे. आमच्या मजल्यावरचे एक काका ताजमहाल बघून आले. कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कन्स्ट्रक्शन छान आहे हो, पण एवढ्या जागेत दोघंच?" यात अरसिकपणा मुळीच नाही. ज्याने वीस वर्षं हप्ते फेडून साडेचारशे चौरस फूट स्वतःच्या नावावर केले, त्याच्या डोळ्यांतच मोजपट्टी बसलेली असते. तो चंद्रावर गेला तरी आधी दोन्ही हात पसरून 'इथे डबलबेड बसेल का' ते बघेल.

अशा माणसांनी राजवाड्यात जाऊन तैलचित्रं बघायची म्हणजे काय होतं, ते मी स्वतःच्या कुटुंबात पाहिलं आहे.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड अशी आमच्या घराण्याची चार संस्थानं. बोरिवली आमची. अंधेरीला माझी भाची, तन्वी. ती मालिकांच्या कलाविभागात काम करते, म्हणजे टीव्हीवर खलनायिका ज्या जिन्यावरून उतरते तो जिना उभा करते. घाटकोपरला मामा आणि मुलुंडला नणंद. चारही संस्थानांत तहाची बोलणी कायम चालू असतात, कारण दोन मध्य रेल्वेवर आहेत आणि दोन पश्चिम रेल्वेवर, आणि आपल्या लाइनीइतके हाल दुसऱ्या लाइनीवर होत नाहीत असा प्रत्येकाचा अभिमान आहे.

राजवाड्याची टूम निघाली माझ्या आईमुळे. तिचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे देव्हाऱ्यावर रविवर्म्याची सरस्वती टांगलेली होती. "मेली छापील होती, पण काय डोळे होते! खरी एकदा बघायची आहे," असं ती म्हणायची. आपल्या उपनगरांत राजवाडा नाही. 'पॅलेस' नावाच्या इमारती ढिगाने आहेत. आमच्याच गल्लीत दोन आहेत, एकीला लिफ्ट नाही आणि दुसरीची चालत नाही. महाराष्ट्रात कोल्हापूरचा नवा राजवाडा आहे, पण आईला हवी होती ती सरस्वती बडोद्याला. आणि बडोदं बोरिवलीकरांना तसं जवळचं. गुजरातकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या आमच्या दारात थांबून जातात. आम्हाला दादरला जायला जितका उत्साह लागतो, त्याहून कमी उत्साहात आम्ही सुरतेला पोचतो.

खरा लांबचा प्रवास मुलुंडकरांचा. नकाशात बघाल तर मुलुंड आणि बोरिवली एकमेकांना टेकून आहेत, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यान. पण त्या उद्यानातून सरळ या टोकाहून त्या टोकाला जायची सोय सध्या बिबट्यांनाच आहे. माणसांनी घोडबंदर रोडने वळसा घालायचा नाहीतर दादरला गाडी बदलायची. ठाणे ते बोरिवली डोंगराखालून बोगदा खणायचं काम सुरू झालंय, तो होईल तेव्हा होईल. तोवर नणंद, भाऊजी आणि त्यांचा सहावीतला अथर्व आदल्या रात्रीच मुक्कामाला आले. घाटकोपरचा मामाही आला. पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा दारापर्यंत पोचायला मला तिघांना ओलांडावं लागलं. राजवाडा बघायला निघण्यापूर्वी माणसाने अशी एक रात्र घरी काढावीच. पुढे जे दिसतं त्याची किंमत कळते.

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली बांधून झाला. खर्च तेव्हा १ लाख ८० हजार पौंड आला असं सांगतात. तो बकिंगहॅमच्या चौपट आहे, हे वाक्य तर बडोद्यात रिक्षावाल्यापासून शेवउसळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. माझा नवरा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आमची इमारत अडतीस वर्षांची, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तिला 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक असा शेरा मिळालेला, आणि पुनर्विकासाची बोलणी गेली कित्येक वर्षं 'कार्पेटमध्ये किती टक्के वाढीव' या एकाच मुद्द्यावर अडून बसलेली. असा माणूस राजवाड्याच्या फाटकातून आत शिरला. समोर हिरवळ, पलीकडे गोल्फचं मैदान, मध्ये तो लालसर-पिवळ्या दगडाचा डोलारा. अथर्व "वॉव" म्हणाला. आईने पदर सावरला. नवऱ्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला.

"आवार किती? पाचशे एकर धरू. एकराचे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे झाले दोन कोटी सतरा लाख ऐंशी हजार. आपल्याकडचा पंचवीस हजारांचा भाव लावला तर..." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव उमटला. "चौपन्न हजार चारशे पन्नास कोटी. आणि यात एफएसआय धरलेला नाही हं अजून."

"बडोद्यात बोरिवलीचा भाव कशाला लावतोस?" भाऊजी म्हणाले.

"मग काय मुलुंडचा लावू?"

तिथून पुढचा अर्धा तास दोन संस्थानांचे संबंध बिघडले.

या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज अभियंत्याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आपली गणितं चुकली, आपल्या इमारती कोसळणार, या धास्तीने मँटसाहेबाच्या डोक्यावर शेवटी परिणाम झाला, अशी कथा आहे. १८८१ साली तो गेला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझम याने पुरं केलं. राजवाडा अजून खणखणीत उभा आहे, कोल्हापूरचाही आहे. आमची सी-१ इमारत बांधणारा बिल्डर मात्र कुठल्याही धास्तीत नाही. सकाळी बागेत भेटतो, हसून नमस्कार करतो आणि नव्या प्रकल्पाचं पत्रक हातात देतो. सचोटीच्या माणसाचीच झोप उडते, हे यावरून दिसतं.

झोपेवरून आठवलं. राजवाड्याला उंच मनोरा आहे, पण त्यावर घड्याळ नाही. टोल्यांनी राजघराण्याची झोपमोड होईल म्हणून बसवलंच नाही म्हणे. हे ऐकून मामा बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिला. त्याच्या घाटकोपरच्या खिडकीपासून मध्य रेल्वेचा जलद मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. शेवटची लोकल गेल्याशिवाय त्याला झोप येत नाही आणि पहिल्या लोकलला जाग येते. मेगाब्लॉकच्या रविवारी तो दिवसभर बेचैन असतो.

आत शिरताना प्रत्येकाच्या हातात ऑडिओ गाइड देतात. खोलीच्या क्रमांकाचं बटण दाबायचं की आवाज माहिती सांगू लागतो. योजना उत्तम आहे, पण ती एकट्या माणसासाठी. आम्ही कुटुंब म्हणून गेलो होतो. परिणाम असा की मामा शस्त्रांच्या दालनात उभा राहून जिन्याची माहिती ऐकत होता, नणंद पुतळ्यांपुढे उभी राहून तलवारींची ऐकत होती, आणि कान बंद असल्यामुळे सगळे एकमेकांशी प्लॅटफॉर्मवर बोलतात त्या पट्टीत बोलत होते. भाऊजींनी तर यंत्रालाच दोनदा "हॅलो" म्हटलं. आत फोटो काढायला मनाई आहे, ही त्यातल्या त्यात राजघराण्याची दूरदृष्टी. नाहीतर दरबार हॉलमध्ये आमच्या नणंदेचं निदान पाऊण तासाचं काम होतं.

दरबार हॉल खरोखर बघण्यासारखा आहे. बेल्जियमच्या रंगीत काचा आणि पायाखाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी. तिच्यासाठी तिकडचे कारागीर आणले आणि त्यांना दीडेक वर्ष लागलं असं सांगतात. "आपल्या बाथरूमला किती लागले होते?" मी नवऱ्याला विचारलं. त्याने ऑडिओ गाइडचा आवाज वाढवला.

तन्वीचं मत मात्र सगळ्यांहून वेगळं पडलं. तिने झुंबरांकडे पाहिलं, खांबांवरून नजर फिरवली आणि मान हलवली. "मावशी, कॅमेऱ्यात हे खोटं दिसेल. झुंबरावर थोडी धूळ आहे, सोनेरी रंग फिका आहे. आमचा राजवाडा प्लायवूडचा असतो, पण प्रत्येक कोपरा चकाकतो. आणि इथे जिना मधोमध नाही. सासू उतरणार कुठून?" गोरेगावच्या स्टुडिओत वर्षाकाठी चार-पाच राजवाडे उभे करून मोडणाऱ्या मुलीला खऱ्या राजवाड्याने काय दाखवायचं?

हा डोलारा ज्याच्यासाठी उभा राहिला तो राजा जन्माने राजपुत्र नव्हता. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावचा, शेतकरी घरातला गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो तिसरा सयाजीराव झाला. निवडीच्या वेळी "इथे कशाला आलास?" असं विचारलं, तेव्हा त्या पोराने "राज्य करायला" असं ठणकावून सांगितलं, ही गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरांत अजून सांगतात. मीही ती अथर्वला सांगितली आणि मुद्दाम विचारलं, "आणि तू रे कशाला आलास?" तो म्हणाला, "आईने आणलं." पुढे सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, गावोगाव वाचनालयं काढली, आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. अथर्वला यातलं फक्त सक्तीचं शिक्षण लक्षात राहिलं आणि राजाविषयीचा त्याचा आदर जरा कमी झाला.

चित्रं राजवाड्यातही आहेत, पण खरा खजिना त्याच आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात. तिथलं तिकीट वेगळं. त्यामुळे निम्मे पर्यटक राजवाडा बघून दमतात आणि तिकडे फिरकतच नाहीत. ही इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. दाराशीच एक छोटं आगगाडीचं इंजिन ठेवलंय. राजपुत्र म्हणे या गाडीत बसून बागेतून शाळेत यायचे.

"घराच्याच कंपाउंडमध्ये शाळा, आणि तरी ट्रेनने?" अथर्वने विचारलं.

"आणि रोज विंडो सीट," मामा म्हणाला. राजवैभव या गोष्टीचा खरा अर्थ त्याला त्या क्षणी उमगला असावा. मनोरा, झुंबरं, तलवारी यांपैकी कशानेही त्याचा चेहरा इतका हलला नव्हता.

आत गेल्यावर आधी युरोपियन चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या नकला लागतात. महाराजांनी त्या हौसेने जमवलेल्या. भाऊजींनी पाटी वाचली. "म्हणजे ही खरी नाहीत? मूळ युरोपात? आणि आपण गाडीचं रिझर्व्हेशन करून झेरॉक्स बघायला आलो?" ते पुढच्या दालनाकडे तरातरा निघाले. पुढच्या दालनात सगळा प्रकार उलटा होता. तिथे मूळ होतं आणि नकला आमच्या घरी होत्या.

रविवर्मा बडोद्याला आले ते दिवाण टी. माधवरावांमुळे. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. त्रावणकोरचा गुणी चित्रकार त्यांना आधीपासून ठाऊक. सयाजीरावांना १८८१ च्या डिसेंबरात राज्याचे अधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यात येऊन व्यक्तिचित्रं रंगवू लागले. नवा राजवाडा उभा राहत असताना महाराजांनी त्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रं सांगितली. १८९० पर्यंत ती तयार झाली. राजवाड्यात लावण्याआधी ती लोकांना बघायला खुली ठेवली, मुंबईतही ठेवली, आणि बघायला झुंबड उडाली. त्याआधी देव भिंतीवर आणि पोथीत सपाट असायचे. या माणसाने त्यांना तैलरंगात मांस, घाम आणि सावली दिली. राजवाड्यासाठी काढलेल्या चित्रांतल्या राण्या आणि अप्सरा साडी नेसून आपल्यासारख्याच अंगणात उभ्या राहिल्या.

साडी हा विषय निघाल्यावर नणंद आणि मी पुढे झालो. चित्रकलेचं दालन असो की लग्नाचा हॉल, काही बाबतीत परीक्षक आम्हीच. 'शंतनू-मत्स्यगंधा' समोर नणंदेने निकाल दिला, "कोळ्याच्या पोरीच्या मानाने काठ भारी आहे." 'अर्जुन-सुभद्रा' समोर आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. सुभद्रा अशी काही लाजली आहे की भाऊजीही थांबले. मग आलं 'नल-दमयंती'. रानात दमयंती झोपलेली आणि नळ तिला तशीच टाकून निघालेला.

"नवरा रात्रीचा उठून चाललाय आणि हिला पत्ता नाही," नणंद म्हणाली. "आमच्याकडे हे पाणी प्यायला उठले तरी मला जाग येते."

"म्हणूनच मी कुठे गेलो नाही," भाऊजी म्हणाले. हे कौतुक की तक्रार, याचा निकाल मुलुंडला परतल्यावर लागला असेल. 'हरिश्चंद्र-तारामती' समोर माझा नवरा एकटाच उभा होता. शब्द पाळता पाळता बायकापोरं विकायची वेळ आलेला तो राजा बघून सोसायटीच्या सेक्रेटरीचे डोळे भरून आले. मानद पदावर काम करणाऱ्या माणसांचं एकमेकांशी आतून काहीतरी नातं असतं.

आणि मग आई सरस्वतीपुढे आली.

खडकावर बसलेली, वीणा घेतलेली, बाजूला मोर, मागच्या हातांत पोथी आणि जपमाळ. या चित्राची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. शाळेतल्या शारदोत्सवात, वहीच्या कव्हरवर, वाण्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर हीच सरस्वती असते. आईने चपला काढल्या. हात जोडले. मग डोळे उघडून पुढे सरकली आणि नाक जवळजवळ कॅनव्हासला टेकेल इतकं जवळ नेलं. कोपऱ्यातला रखवालदार उठून आला आणि चांगल्या मराठीत म्हणाला, "आजी, जरा मागून बघा." बडोद्यात हे असं होतं. तुम्ही हिंदी जुळवत असता आणि समोरचा तुम्हाला 'आजी' म्हणून मोकळा होतो.

"अरे पण जवळून जर दिसतच नाही!" आई म्हणाली.

मीही वाकून बघितलं. खरंच नव्हती. लांबून जिथे काठावर सोन्याची जर लखलखत होती, तिथे जवळून नुसते पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि फटकारे होते, काही तर चक्क तिरपे आणि घाईत मारल्यासारखे. एक पाऊल मागे, आणि ते पुन्हा जर होऊन बसले. गळ्यातला मोती म्हणजे करडा गोळा आणि त्यावर पांढऱ्याचा एक टिपका, बस्स. आम्ही दोघी पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिलो. रखवालदाराने एक-दोनदा बघितलं आणि मग तोही आमच्या मागे उभा राहून वाकून बघू लागला. छापलेल्या चित्रात हे होत नाही. तिथे जर जवळूनही जर आणि लांबूनही जर. चाळीतल्या चित्रात तर आजीने साडीवर खऱ्या टिकल्या आणि जरीचा तुकडा चिकटवला होता. तेव्हा घरोघरी बायका हा उद्योग करायच्या. "आमची जास्त चमकायची," आई म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "पण ही बघतेय."

ही चित्रं राजवाड्यातून चाळीत पोचली कशी, हे सांगायची जबाबदारी मामाने स्वतःकडे घेतली, कारण त्यात घाटकोपर येतं. लोकांना तुमची चित्रं हवी आहेत आणि तुम्ही एकटे किती काढाल, तेव्हा ती छापा, असा सल्ला रविवर्म्यांना माधवरावांनीच दिला होता. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आले. एकेका रंगाला एकेक दगड, त्यावर उलटं चित्र, कागद तितक्या वेळा दगडावरून जायचा. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. हा छापखाना घाटकोपरला होता असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं, आणि मामाने ते एकूण एक ठिकाणी वाचलं आहे.

"अख्ख्या हिंदुस्थानचे देव घाटकोपरहून डिस्पॅच व्हायचे," तो म्हणाला. दालनात आवाज घुमला. "तुमच्या बोरिवलीने काय दिलं?"

"कान्हेरी," मी म्हटलं.

"ते बुद्धाचं. मी प्रिंटिंगचं बोलतोय."

भाऊजींनी लगेच पुढची माहिती पुरवली. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि मळवलीही मध्य रेल्वेवरच आहे. मुलुंड आणि घाटकोपर यांच्यात तिथल्या तिथे तह झाला. छापखान्याने नाव कमावलं, पैसा मात्र फारसा नाही. शेवटी रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. पुढे त्याच देवता साबण आणि ग्राइप वॉटरच्या जाहिरातींच्या कॅलेंडरांवर झळकल्या. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं, आणि त्याआधी ते शिकले कुठे, तर बडोद्याच्या कलाभवनात. म्हणजे सयाजीरावांच्या शाळेतून निघालेला मुलगा रविवर्म्यांच्या दगडांवरून सिनेमाच्या पडद्यावर पोचला आणि त्याने पहिली कथा निवडली ती राजा हरिश्चंद्राची. तन्वी हे लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे आमच्या इंडस्ट्रीचं आर्ट डिपार्टमेंट मूळ हे," ती म्हणाली, आणि नळाच्या मागचं रान पुन्हा बघायला गेली. या वेळी तिला ते खोटं वाटलं नाही. किती वेळ लागला असेल, आणि कुणी 'उद्या टेलिकास्ट आहे' म्हणून मानेवर बसलं नसेल, एवढंच ती म्हणाली.

"तरी बघायला वेस्टर्न रेल्वेनेच यावं लागलं ना?" माझ्या नवऱ्याने शेवटी बाण सोडला. त्याला उत्तर नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा दुपार टळली होती. शेवउसळ खाल्ली. ती मिसळीची बहीण आहे की नणंद, यावर मतभेद झाले. खंडेराव मार्केटची इमारत रिक्षातूनच पाहिली. हिरवा चिवडा घेतला आणि गाडीत बसलो. वापीच्या पुढे नवऱ्याने विचारलं, "आपल्याकडे चित्र लावायला भिंत आहे का गं?"

मी डोळे मिटून घर आठवलं. हॉलच्या एका भिंतीला टीव्ही, दुसरीला कपाट, तिसरीत खिडकी आणि एसी, चौथीत दार. दाराच्या मागे खिळा आहे, त्यावर कॅलेंडर. आमच्यासारख्यांच्या नशिबी चित्रासाठी एकच खिळा येतो आणि त्यावर दूधवाल्याचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख आणि चतुर्थी यांच्या डोक्यावर एक देवी असते. हे रविवर्म्यांना आणि माधवरावांना सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. वास्तुरचनाकारांना अजून कळायचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत माझ्या नवऱ्याने पुनर्विकासाच्या मागण्यांत एक कलम घातलं: प्रत्येक सदनिकेत दार, खिडकी, स्विचबोर्ड आणि एसीचा पॉइंट नसलेली निदान एक भिंत हवी. बिल्डरच्या माणसाने ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "याचं कारण काय दाखवू?" कुणीतरी मागून म्हणालं, "वास्तुशास्त्र." ठराव एकमताने मंजूर झाला.

तुम्ही बडोद्याला जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. राजवाडा आणि संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. आणि चित्रं आधी बघा, पाय ताजे असताना. राजवाडा दमलेल्या माणसालाही दिसतो, तेवढा मोठा आहे तो. शक्य असेल तर घरातल्या आईला, आजीला बरोबर न्या. सरस्वतीपुढे कुठे उभं राहायचं ते ऑडिओ गाइडपेक्षा त्यांना जास्त कळतं.